फुकट बसवून द्यावं की बिल लावावं?

लिब्रेऑफिस म्हणजे पत्रं-तक्ते करायचं सॉफ्टवेअर आणि लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी संगणकप्रणाली; दोन्ही मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारी. त्यापलीकडे इथे सांगत बसत नाही. दुकानदाराला, पतसंस्थेला किंवा देवस्थानच्या कार्यालयाला मुक्त सॉफ्टवेअरकडे वळवायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. आपली आवड म्हणून फुकट बसवून द्यायचं, की कामाचं रीतसर बिल करायचं? गोव्यात फोंडा-डिचोली भागात मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिली काही वर्षं फुकट, त्यानंतर बिल.

फुकटात दार पटकन उघडतं, हे खरं. परवान्याचा खर्च नाही, चोरीच्या कॉपीची धास्ती नाही, वर बसवणाराही घरचाच. नको कोण म्हणणार? पैसे सांगितले की माझ्या अनुभवात चारांतले दोघे ‘बघतो’ म्हणतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. प्रसाराचा वेग हवा असेल तर फुकटचं पारडं जड आहे. गावच्या वाचनालयात किंवा मराठी प्राथमिक शाळेत मी आजही एक पैसा घेत नाही.

बिल लावताना बऱ्याच जणांचा हात अडखळतो. जे जालावर फुकट उतरवून घेता येतं, त्याचे पैसे मागायचे कसे? ही अडचण मनातली आहे, परवान्यात ती नाही. १९८९ साली आलेल्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात प्रतीची किंमत घ्यायला मुभा आहे. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ साली ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या टेपा १५० डॉलरला विकत होते. रेड हॅट ही लिनक्सची कंपनी तर सेवा आणि हमी विकून मोठी झाली आणि २०१९ साली आयबीएमने तिच्यासाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. एवढं लांब कशाला, मुंबईत तयार झालेलं, धंद्याचा हिशेब सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली खुलं आहे. त्याची कंपनी होस्टिंग (आपल्या सर्व्हरवर ते चालवून देणं) आणि आधारसेवेवर चालते. मुक्त आणि मोफत हे दोन वेगळे शब्द मराठीत आयते आहेत, तरी आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो आणि मग बिल करताना संकोचतो.

माझा कल ज्या गोष्टीने बदलला ती वरवर अगदी किरकोळ होती. फोंड्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी फुकट लिब्रेऑफिस बसवून दिलं. दराचा तक्ता छापताना जीएसटीचा शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जायला लागला. कागदाचा आकार ए-फोरऐवजी लेटर राहिला होता, चूक माझीच. दोन मिनिटांचं काम. पण शेटनी तीन आठवडे दोन-दोन पानं छापून एकमेकांना चिकटवली आणि मग कोणाकडून तरी दुसऱ्या ऑफिसची चोरीची कॉपी बसवून घेतली. मला कळलं ते सहज खिळे घ्यायला गेलो तेव्हा.

‘शेट, मला एक फोन करायचा होता ना.’

‘अरे, तू एक पैसा न घेता करून दिलंस. वर तुलाच परत बोलवायचं? बरं दिसत नाही ते.’

ती भीड मला चुकली होती. मी फुकट देत होतो ते उपकार म्हणून नव्हे, पण घेणाऱ्याच्या खात्यात ते उपकार म्हणूनच जमा होत होतं. आणि उपकाराबद्दल भला माणूस तक्रार करत नाही, गुपचूप बाजूला ठेवून देतो. मागे वळून पाहिलं तर फुकट दिलेल्यांपैकी बहुतेकांचं असंच झालं होतं.

हीच गोष्ट वरच्या टोकालाही दिसते. जालावरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवायला निम्मं इंटरनेट ज्यावर विसंबून होतं त्या ओपनएसएसएलला २०१४ साली हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष सापडेपर्यंत वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत. २०२४ च्या मार्चमध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्समध्ये कोणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो प्रकल्प मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात ओढत होता. नफ्यावर चालणाऱ्या बाजारात ज्याची पावती फाटत नाही, त्याच्या देखभालीची आठवण कोणाला राहत नाही. केरळच्या शाळांत लिनक्स रुजलं त्याचा दाखला फुकटच्या बाजूने दिला जातो, पण तिथे शिक्षकांना शिकवणारी, यंत्रं सांभाळणारी अख्खी व्यवस्था सरकारने उभी केली होती. तो खर्च कोणीतरी केलाच.

माझ्या बिलावर आता दोन ओळी असतात: सॉफ्टवेअरची किंमत ०, वर्षभराच्या कामाचे तीन हजार. त्यात जुन्या फायली तपासणं, छपाई जुळवून देणं, अर्धा दिवस शेजारी बसून शिकवणं आणि फोन आले. हेच सॉफ्टवेअर घरी फुकट उतरवता येतं, हेही मी आधी सांगतो. तीन हजारांतला दहावा हिस्सा मूळ प्रकल्पाला देणगी म्हणून जातो आणि त्याची पावती गिऱ्हाइकाला दाखवतो.

तुमच्याकडे पगाराची नोकरी असेल आणि दोन-तीनच ठिकाणं सांभाळायची असतील, तर फुकटचा मार्ग कदाचित तुम्हाला पुरेल. महिन्यातून एकदा आपण होऊन चक्कर मारायची तयारी मात्र हवी, कारण ते बोलावणार नाहीत. पाच-सहा दुकानांच्या पुढे जायचं असेल तर मी बिलच सुचवेन, रक्कम लहान असली तरी चालेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. हार्डवेअरवाल्या शेटच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चढत नव्हतं. या खेपेला मी लिनक्स मिंट बसवलं आणि बिल हातात दिलं. त्यांनी घासाघीस करून अडीच हजार दिले, आणि पहिल्याच आठवड्यात चार वेळा फोन केला.