कॉन्फरन्स की जर्नल: पेपर आधी कुठे पाठवायचा?

हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी उलट विचारतो: विषय कोणता? रसायनशास्त्र, वैद्यक, जीवशास्त्र किंवा गणित असेल तर फार डोकं खाजवायचं कारण नाही. तिथे परिषदेला सहसा सारांश पाठवतात, फार तर पानभराचा. खरा पेपर जर्नलमध्येच येतो आणि मुलाखतीत मोजला जातो तोही तोच. कॉम्प्युटर सायन्समध्ये मात्र परिषदेतला पेपर हाच शेवटचा मुक्काम असू शकतो. 2012 चा ॲलेक्सनेट (चित्रं ओळखणारं मॉडेल) आणि 2017 चा ट्रान्सफॉर्मर (आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया) हे दोन्ही पेपर मशीन लर्निंगच्या एकाच परिषदेतले, तेव्हा जिला निप्स म्हणत आणि आज न्यूरिप्स म्हणतात तिथले. इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स, सिग्नल प्रोसेसिंगवाले मधल्या मध्ये लटकलेले असतात. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी.

वेळेचा हिशोब वरवर सोपा दिसतो. परिषदेचा निकाल दोन-चार महिन्यांत लागतो. जर्नलचं पहिलं उत्तर यायलाच तीन ते सहा महिने जातात, वर ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांची मागणी, आली की वर्ष कुठे गेलं कळत नाही. पण परिषदेला डेडलाइन असते आणि ती पेपर कसा लिहिला जातो तेच बदलून टाकते. तारखेपुढे बहुतेक ठिकाणी ‘एओई’ लिहिलेलं असतं, म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी तो दिवस शिल्लक आहे तोवर मुदत आहे; घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, 12 तास मागे. हे जास्तीचे तास वरदान वाटतात, आणि तिथेच घात होतो. एकदा शेवटच्या तासात मी एक आलेख बदलला, त्याखालची ओळ मात्र जुन्या प्रयोगाचीच राहिली. तीन रिव्ह्यूअरपैकी, म्हणजे पेपर तपासणाऱ्यांपैकी, दोघांनी नेमकं तेवढंच पकडलं. जर्नलला पाठवत असतो तर पेपर आठवडाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचला असता. अर्थात जर्नललाच पाठवायचा म्हणून दोन-दोन वर्षं ‘अजून एक प्रयोग’ करत बसलेली माणसंही मी पाहिली आहेत, तेव्हा डेडलाइनला सरसकट शिव्या घालायला नकोत.

परीक्षणात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. परिषदेच्या रिव्ह्यूअरकडे एकाच महिन्यात पेपरांचा गठ्ठा येतो. तुम्हाला उत्तर द्यायला मिळतो साधारण आठवडा आणि मोजके शब्द. त्यानंतर हो किंवा नाही. ‘सुधारून आणा’ हा पर्याय बहुतेक ठिकाणी नाहीच. या निकालात नशिबाचा वाटा किती, हे 2014 मध्ये निप्सच्याच आयोजकांनी तपासून पाहिलं. 166 पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. 43 पेपरांवर दोघींचे निकाल उलटसुलट आले. एका समितीनं घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीनं नाकारले होते. म्हणून एका परिषदेचा नकार आला की पेपर फाडून टाकू नका. रिव्ह्यूमधलं पटेल तेवढं दुरुस्त करा आणि पुढची परिषद गाठा.

जर्नलमध्ये बोलणं चालू राहतं. रिव्ह्यूअरला दिलेलं उत्तरपत्र हा लिखाणाचा एक वेगळाच प्रकार आहे आणि तो फारसा कुणी शिकवत नाही. त्यातला एक तुकडा असा दिसतो:

‘रिव्ह्यूअर 2, मुद्दा 3: तक्ता 2 मधले आकडे एकाच रनचे आहेत का?
उत्तर: होय, एकाच रनचे होते. आता 5 वेगवेगळ्या सीडवर प्रयोग चालवून सरासरी आणि प्रमाण विचलन दिलं आहे. पाहा पान 7, ओळी 12 ते 19.’

(रन म्हणजे प्रयोगाची एक फेरी; सीड म्हणजे त्या फेरीतली यादृच्छिकता ज्यापासून सुरू होते तो आकडा.) इथे वाद नाही, लोटांगण नाही, नेमकी जागा दाखवलेली आहे. असे पंधरा-वीस मुद्दे निस्तरले की पेपर खरोखर सुधारतो. सुधारणा कधीकधी नकारातूनही होते. 1964 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा पेपर ‘फिजिक्स लेटर्स’नं परत पाठवला. त्यांनी नव्या कणाबद्दलचा मजकूर जोडून तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ला दिला, आणि पुढे त्यांचं नाव लागलं ते त्याच कणाला.

पानांचंही बघा. न्यूरिप्समध्ये अलीकडच्या वर्षांत मुख्य मजकुराला 9 पानं असतात, आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या अनेक परिषदांत दोन रकान्यांची सहा. एवढ्यात एकच मुद्दा नीट मावतो. दोन कोंबायला गेलात की दोन्ही गुदमरतात. मोठी सिद्धता, पुष्कळ डेटासेट किंवा ‘हे कुठे चालत नाही’ याची सविस्तर चर्चा हाच तुमच्या कामाचा जीव असेल, तर परिषदेत ते परिशिष्टात ढकलावं लागेल, आणि परिशिष्ट वाचणं सहसा रिव्ह्यूअरवर बंधनकारक नसतं. असं काम सरळ जर्नलला द्यावं.

आता परिषदेकडे जे आहे आणि जर्नलकडे अजिबात नाही, ते म्हणजे समोर उभी माणसं. भाषण मिळालं तर बारा-पंधरा मिनिटं मिळतात, बाकीच्यांना पोस्टर, म्हणजे मोठ्या कागदावर काम मांडून त्यापाशी उभं राहायचं. पोस्टर मिळालं म्हणून नाराज होणारे खूप. माझं मत उलटं आहे: पहिल्या पेपरला पोस्टरच बरं. भाषणानंतर दोन प्रश्न येतात, त्यातला एक प्रश्न नसून विचारणाऱ्याचं स्वतःचं भाषण असतं. पोस्टरपाशी माणूस येतो, म्हणतो ‘दोन मिनिटांत सांगा’, आणि तुम्ही सांगत असताना त्याचं बोट आलेखावर जातं. ‘हा उभा अक्ष 80 पासून का सुरू होतो?’ तिथे गडबडलात तर दुसऱ्या माणसाला सांगताना तुम्ही आपणहून सांगता की शून्यापासून काढला तर फरक बारीक दिसतो, पण पाचही सीडवर टिकतो. दुपार संपेपर्यंत तीच गोष्ट वीस वेळा सांगून झालेली असते आणि विसावी आवृत्ती तुमच्या प्रस्तावनेपेक्षा चांगली असते. ती घरी येऊन लिहून काढा. जर्नलच्या पेपरची प्रस्तावना तयार.

भाषण मिळालंच तर पेपरातला आठ रकान्यांचा तक्ता स्लाइडवर डकवू नका. एक ओळ घ्या, मोठ्या अक्षरात, आणि तीच का बघायची ते सांगा.

खर्चाचं थोडक्यात. परिषदेत नोंदणी, प्रवास, व्हिसा सगळं आलं, आणि गैरहजर राहिलात तर आयईईई तो पेपर आपल्या डिजिटल संग्रहातून वगळू शकते. वर्गणीवर चालणारी जर्नल्स लेखकाकडून बहुधा काही घेत नाहीत. ओपन ॲक्सेसमध्ये, म्हणजे पेपर वाचकांना फुकट खुला असतो तिथे, मात्र टोकं आहेत: ‘नेचर’नं 2021 पासून त्यासाठी 9,500 युरो लावले, तर मशीन लर्निंगमधलं जेएमएलआर लेखक आणि वाचक दोघांनाही फुकट आहे.

दोन्हीकडे एकाच वेळी पाठवणं निषिद्ध, हे सांगायला नको. क्रम मात्र लक्षात ठेवा. आधी परिषद, मग वाढवलेला पेपर जर्नलला, हे चालतं. बऱ्याच ठिकाणी साधारण पाव ते एक तृतीयांश मजकूर नवा लागतो आणि जुन्या पेपरचा उल्लेख करून फरक सांगावा लागतो. आधी जर्नल आणि मग तेच काम परिषदेला, हे सहसा चालत नाही. मधल्या वाटाही आहेत. डेटाबेसवाल्यांचं पीव्हीएलडीबी 2008 पासून जर्नल आहे, दर महिन्याला पेपर घेतं, आणि स्वीकारलेला पेपर परिषदेत मांडता येतो. मशीन लर्निंगमधलं टीएमएलआर हे जर्नल 2022 मध्ये सुरू झालं. तिथे काम किती गाजेल यापेक्षा दाव्याला पुरावा आहे का, हे बघतात. निकाल पक्के पण चमकदार नाहीत, अशा पेपरला मी आधी तेच सुचवतो.

आणि मेलमध्ये ‘मान्यवर प्राध्यापक’ म्हणून आलेल्या, काहीही छापणाऱ्यांच्या आमंत्रणांपासून दोन्हीकडे जपा. 2005 मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमनं तयार केलेला निव्वळ निरर्थक पेपर एका परिषदेत स्वीकारला गेला होता. उपाय सोपा: गेल्या वर्षीचे त्यांचे दोन पेपर उघडून वाचा. तुमच्या संदर्भसूचीत घालावेसे वाटले नाहीत, तर तिथे पाठवू नका.

माझ्याकडे आलेल्यांना मी साधारण असं सांगतो. कल्पना ताजी आहे, दुसरं कुणी त्यावर काम करत असण्याची शक्यता आहे, तुम्हाला अजून या विषयातलं कुणी ओळखत नाही: परिषद. काम पूर्ण आहे, खोल आहे, सहा महिन्यांनी शिळं होणार नाही: जर्नल. आणि काम जर्नलचं असलं तरी पीएचडी संपायला आठच महिने उरले असतील आणि डिग्रीसाठी स्वीकारलेला पेपर लागत असेल, तर जवळची परिषद बघा. जर्नलच्या पहिल्या उत्तराची वाट बघण्यातच त्यातले सहा जाऊ शकतात.