नुसतं बेअरिंग की अख्खा कॅम?

मोटरसायकलच्या इंजिनचं हेड (वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरलंय, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅम शाफ्ट हातात आलाय आणि त्याच्या टोकाचं बेअरिंग बोटाने फिरवलं की खरखर लागते. इथवर आलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक, बेअरिंग दुकानातून दोन सुटी बेअरिंग आणायची आणि जुन्याच कॅमवर प्रेस करून घ्यायची. दुसरी, बेअरिंग बसवलेला नवा कॅम डब्यातून काढायचा आणि हेडात ठेवायचा. मी दोन्ही करून बसलोय. आधी माझ्या गोल हेडलाइटच्या जुन्या पल्सर १५० वर अख्खा कॅम, आणि नंतर धाकट्या भावाच्या तसल्याच गाडीवर नुसती बेअरिंग.

तिसरी वाट म्हणजे जुनं बेअरिंग धुऊन परत बसवणं. इंजिन खोलून बोअर-पिस्टनचा खर्च केल्यावर इथे हात आखडता घेणारेही असतात. त्यांच्याशी वाद नाही, पण पुन्हा हेड खोलायची मजुरी आधी विचारून ठेवा.

अख्ख्या कॅमचं सुख खरं आहे. बेअरिंग खेचून काढायचा पुलर नको, बसवायचा प्रेस नको. बेअरिंग ठोकताना मिस्त्री हातोडा बाहेरच्या रिंगवर मारतोय का, हे बघत बसायला नको. (आतली रिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगवर मारलं की सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं.) लोब (कॅमचे उंचवटे) नवे, बेअरिंग नवी, काम तासाभरात. मलाही तेव्हा हेच शहाणपणाचं वाटलं होतं.

मग रॉकरने, म्हणजे कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीने, माझे रविवार खाल्ले. माझ्या गाडीचे रॉकर बिनरोलरचे, म्हणजे रॉकरचा पॅड थेट लोबवर घासतो. जुना कॅम आणि जुने रॉकर वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले असतात. त्यात मी कॅम नवा घातला आणि रॉकर जुनेच ठेवले. पंधरा दिवसांत टकटक सुरू झाली. टॅपेट धरलं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट नीट केली, आवाज गेला. पुढच्या पंधरवड्यात परत टकटक. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच धरायचं असतं, त्यामुळे संध्याकाळी कामावरून आल्यावर ते करता येत नाही. रविवारी सकाळी गाडीला किक न मारता, चहा व्हायच्या आत फट मोजायच्या पात्या, म्हणजे फीलर गेज, घेऊन बसायचं. घरी भाजी आणायची असायची आणि गाडी मॅग्नेटच्या टी-खुणेवर (पिस्टन अगदी वर असल्याची खूण) उभी! चौथ्या वेळेला कव्हर नीट उघडून बघितलं, तर रॉकरच्या पॅडवर खाच पडलेली आणि नव्या लोबवर ओरखडे. शेवटी रॉकरही नवे घेतले. जुना कॅम ड्रॉवरमध्ये होता. तो काढून उजेडात धरला, तर लोब गुळगुळीत. गेलेलं होतं फक्त बेअरिंग.

म्हणून भावाच्या गाडीच्या वेळी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. कॅम फिरवून बघत तो म्हणाला, "कॅमला काय झालंय? नुसती बेअरिंग घालूया की." पुलरने जुनी काढली आणि त्यांच्यावरचे आकडे वाचून नवी घेतली. आकड्यात एक गंमत आहे. ६००३ आणि ६२०३ या दोघांचं भोक १७ मिलिमीटरचंच, पण बाहेरचा व्यास एकाचा ३५ आणि दुसऱ्याचा ४०. गडबडीत दुकानदार कुठलंही हातात ठेवतो आणि शाफ्टवर ते छान बसतंही! आकड्यापुढे सी३ असेल तर नवंही सी३च मागा. गरम होणाऱ्या जागेसाठी त्यात आतली मोकळीक थोडी जास्त असते. जुनं बेअरिंग उघडं असेल तर रबर सीलचं घेऊ नका, कारण तिथे वंगण इंजिनच्या तेलाचं असतं आणि सील ते आत येऊ देत नाही. डुप्लिकेटची भीती खरी आहे, म्हणून मी दुकान बदलत नाही.

बसवायच्या आदल्या रात्री कॅम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवला. घरच्यांनी आइस्क्रीमच्या डब्याशेजारी तो बघून जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. सकाळी बेअरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवलं आणि हातमोज्याने शाफ्टवर सोडलं. हातोडा लागलाच नाही. दोन्ही बेअरिंग आणि मजुरी मिळूनही माझ्या त्या कॅमच्या निम्म्याने खर्च आला असेल. टॅपेट पहिल्या सर्व्हिसला एकदा धरलं, त्यानंतर भावाने तक्रार केलेली नाही. अर्थात तो माझ्यापेक्षा सावकाश चालवतो, हेही धरायला हवं.

माझा कल कळलाच असेल. तरी लोबवर खड्डे असतील, डिकॉम्प्रेसर (गाडी सुरू करताना दाब कमी करणारा कॅमवरचा भाग) अडकत असेल किंवा आतली रिंग शाफ्टवर फिरून तिथे निळसर डाग पडला असेल, तर बेअरिंगवर पैसे घालू नका. कॅमच घ्या, पण रॉकरसकट. रोलर रॉकरच्या गाड्यांना ही जोडीची भानगड बरीच कमी असावी. तिथे तुमचं गणित वेगळं निघू शकेल.

दोन्हींपैकी काहीही घ्या, त्याआधी नवं बेअरिंग हेडमधल्या त्याच्या घरात बसवून हलवून बघा. बाहेरची रिंग ॲल्युमिनियमवर फिरलेली असेल तर घर सैल होतं. तिथे सेंटर पंचचे ठिपके मारून 'टाइट' करून देणारे भेटतील. ते महिना-दोन महिने टिकतं. घराला बुश घालून घ्या किंवा हेड बदला. आणि तेलाची वाट फुंकून बघा. कॅम क्रँकच्या निम्म्याच वेगाने फिरतो, इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर असलं तरी हा चार हजारावर. एवढ्याने बेअरिंग सहसा जात नाही. भावाच्या हेडमध्ये तेलाच्या भोकात गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनची गोळी सापडली होती, शेंगदाण्याएवढी.