‘शरीरातील प्लॅस्टिक’ मोजणाऱ्यांनी माझे २२,१४८ रुपये नेले

चोपडा-यावल पट्ट्यात सध्या मंगल कार्यालये भाड्याने घेऊन ‘शरीरातील प्लॅस्टिकची मोफत तपासणी’ चालू आहे. मोफत म्हणजे माणशी ४९९ रुपये नोंदणी. माझे एकूण २२,१४८ रुपये गेले: दोघांच्या नोंदणीचे ९९८, तीन महिन्यांच्या ‘डिटॉक्स किट’चे १४,४०० आणि पाणी ‘शुद्ध’ करणाऱ्या बाटलीचे ६,७५०.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता तेवढेच बोलले जाते. पण तपासणी करणारा माणूस सगळेच खोटे बोलला असता, तर मी तिथूनच परत फिरलो असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-ए या प्लॅस्टिकमधल्या रसायनाची दैनंदिन मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणून दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅम केली आणि त्यामागे रोगप्रतिकार यंत्रणेवरचा परिणामच होता, हे खरे आहे. पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकच्या जारमधून उष्णतेने ते जास्त झिरपते हेही खरे, आणि आमच्याकडे मे महिन्यात पाण्याचे जार टेम्पोत दिवसभर तापत असतात.

तपासणी अशी: हातात धातूची कांडी धरायची, लॅपटॉपवर वय-वजन भरायचे, मिनिटभरात छापील अहवाल हाती. पत्नीने सही करण्यासाठी कांडी टेबलावर ठेवली, तरी पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकतच राहिली आणि कांडी टेबलावर असतानाच पूर्ण भरली. मी ते पाहिले आणि विचारलेही. ‘‘नाना, सिग्नल आधीच घेतला आहे,’’ असे उत्तर आले. मागे रांग खोळंबलेली, शेजारी ओळखीची माणसे, पत्नी आशेने अहवालाकडे पाहत असलेली. अशा वेळी कोण वाद घालतो? ती पट्टी मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

अहवालात लिहिले होते: ‘बिस्फेनॉल ८२, प्रतिकारशक्ती ३८ टक्के’. बिस्फेनॉल मोजायचे तर लघवीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो, आणि प्रतिकारशक्तीला टक्केवारी नसतेच. शिवाय पोटात गेलेले बिस्फेनॉल बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जाते. ते काढायला तीन महिन्यांच्या कॅप्सूल कशाला? जळगावच्या चटई कारखान्यांतील कामगारांना तर तो वेगळी भीती घालत होता, जणू चटईचे पॉलिप्रॉपिलीन बिस्फेनॉलपासूनच बनते. किटमधल्या पट्ट्या रात्री तळपायाला लावल्या की सकाळी काळ्या पडत. तोच ‘विष निघाल्याचा’ पुरावा. मी एक कोरी पट्टी उकळत्या चहाच्या वाफेवर धरली, तीही काळी पडली.

खरा संताप पुढे आहे. पत्नीला संधिवात आहे, म्हणजे तिची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा सांध्यांवर उलटलेली आहे आणि डॉक्टरांच्या गोळ्या तिला आवर घालण्यासाठी आहेत. युरोपने ज्या निरीक्षणावर बोट ठेवले तेही उंदरांमध्ये टीएच-१७ या दाह वाढवणाऱ्या पेशी वाढल्याचे होते, प्रतिकारशक्ती ‘घटल्याचे’ नव्हते. या माणसाने तिला प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याच्या’ कॅप्सूल विकल्या आणि गोळ्या बंद करायला सांगितले. बोटे इतकी सुजली की तिला पोळी लाटता येईना. चालू औषध बंद करायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाले, ‘‘पैसे तुम्ही स्वखुशीने दिले ना?’’ औषधांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयात सांगण्यात आले की डब्यावर ‘आहारपूरक’ लिहिले आहे, तेव्हा हा विषय आमचा नाही; अन्नाचा कारभार पाहणाऱ्या टेबलावर सांगण्यात आले की रोग बरा करण्याचा दावा आहे, म्हणजे तो औषधांचा विषय. टेबले एकाच खोलीत होती! फसव्या औषधी जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे, हे मी म्हटल्यावर साहेब ‘लेखी द्या’ म्हणाले; लेखी दिले, तर पोच द्यायला शिक्का नव्हता. मंगल कार्यालयाच्या मालकाकडे शिबिरवाल्यांचे आधार कार्डसुद्धा नाही, आणि ते मागावे असे कोणत्याही साहेबाला वाटलेले नाही.

माझे पैसे एका व्यक्तीच्या खाजगी खात्यावर गेले आणि बिलावर जीएसटी क्रमांक नाही; हे पैसे देण्यापूर्वी पाहा. डब्यावरचा अन्न परवाना क्रमांक १४ अंकी असतो, माझ्या डब्यावर ११ अंक आहेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. मी अर्ज दाखल केला आहे. ज्यांनी याच शिबिरांतून किट घेतले, त्यांनी लाजेपोटी अहवाल फाडून टाकू नयेत. डबे, पट्ट्या आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, म्हणजे अर्जात माझे नाव एकटेच राहणार नाही.