ड्रम स्मोकरमध्ये ब्रिकेट टाकायचे की लंप कोळसा?

माझ्या चुलतभावानं डॅलसला नवा ड्रम स्मोकर (लोखंडी पिंपात कोळशाच्या धुरावर मांस सावकाश शिजवायचं साधन) आणला आणि शुक्रवारी संध्याकाळी थेट दुकानातून फोन, "दादा, ब्रिकेट घेऊ की लंप, पटकन सांग, मागे लाईन आहे." मी ब्रिकेट घे म्हणालो आणि त्यानं घेतले पण. का ते सांगायचं राहून गेलं. इकडे ह्यूस्टनला मी पाच वर्षं ड्रमवर दोन्ही जाळलंय, तेव्हा ते का आता सविस्तर सांगतो, ज्यांचा ड्रम अजून नवा आहे त्यांनाही उपयोग होईल.

लंप म्हणजे आपला साधा लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीत असायचा ना, तोच. लाकूड कमी हवेत भाजून केलेला, त्यामुळे आकाराचा काही भरवसा नाही, एक तुकडा नारळाएवढा तर दुसरा सुपारीएवढा. ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चमध्ये मळून साच्यात दाबलेल्या उशीच्या आकाराच्या वड्या. आपल्याकडे आज्या कोळशाच्या चुऱ्यात शेणमाती कालवून गोळे वाळवायच्या आणि शेगडीत घालायच्या, मूळ कल्पना तीच. अमेरिकेत हे घरोघरी पोचलं हेन्री फोर्डमुळे, १९२० च्या दशकात मिशिगनमध्ये मॉडेल टी गाडीसाठी लागणाऱ्या लाकडाचे तुकडे आणि भुसा उरायचा त्याचा कोळसा करून वड्या पाडायला लागले, आजचा किंग्जफर्ड ब्रँड त्यातूनच आलाय.

आता ड्रमचं काय ते बघा. ५५ गॅलनचं पिंप, तळाशी जाळीची बास्केट, त्यात कोळसा, त्याच्यावर साधारण दोन फुटांवर जाळी आणि जाळीवर मटण, मध्ये ना पाण्याचं भांडं ना पत्रा. खाली तीन-चार भोकं आणि त्यांना व्हॉल्व्ह. आत किती हवा सोडली एवढ्यावरच आच ठरते, बाकी कुठलंही बटण नाही. म्हणजे कोळसा जितका एकसारखा जळेल तितका ड्रम तुमचं ऐकतो. आणि ब्रिकेट सगळे एका मापाचे असल्यामुळे त्यांच्यातल्या फटी सारख्या, हवा सगळीकडे सारखी फिरते, एक पेटला की त्याच्या शेजारचा पेटतो, मग त्याच्या शेजारचा. बास्केट भरून वर फक्त १२-१५ पेटलेले ब्रिकेट ठेवायचे (याला इकडे मिनियन मेथड म्हणतात) आणि २०० फॅरेनहाइटच्या आसपास आलं की एक सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बंद करत आणायचे. माझा ड्रम असा २५० ला बसतो आणि रात्रभर १०-१५ डिग्री इकडेतिकडे, जास्त नाही.

लंपमध्ये हे जमत नाही असं नाही पण हात बसावा लागतो. मोठ्या तुकड्यांच्या मधे मोठ्या पोकळ्या राहतात, तिथे आग एकदम पळते, आणि पोत्याच्या तळाचा चुरा पडला असेल तिथे हवाच जात नाही. मी एकदा पोतं तसंच्या तसं बास्केटमध्ये उपडं केलं होतं, वर पोर्क शोल्डर, रात्री सगळं छान २४० ला. दोनच्या सुमारास कसं चाललंय बघायला झाकण काढलं, मिनिटभरच, परत लावलं आणि पंधरा मिनिटांत काटा ३२० वर! सगळे व्हॉल्व्ह बंद करूनही खाली यायला तासाच्या वर गेला, शोल्डरची खालची बाजू काळी झाली होती. झाकण उघडलं की हवा घुसते आणि लंप ब्रिकेटपेक्षा फार लवकर ती हवा पकडतो, हे तेव्हा नीट समजलं. तेव्हापासून लंप हातानं लावतो, मोठे तुकडे खाली, मधल्या फटीत छोटे, चुरा बाजूला. दहा-पंधरा मिनिटं जातात आणि हात काळे होतात पण चुकवू नका.

मग लंप घ्यायचाच कशाला? राखेसाठी. लंपची राख अगदी मूठभर. नेहमीच्या स्वस्त ब्रिकेटमध्ये नुसता कोळसा नसतो, चुनखडी, बोरॅक्स, कधी दगडी कोळसाही असू शकतो, त्यामुळे राख भरपूर. बारा तासांच्या कुकमध्ये ती राख बास्केटच्या तळाशी साचते आणि हवा तिथूनच येत असते, मग आठव्या-नवव्या तासाला टेम्परेचर हळूहळू उतरायला लागतं आणि व्हॉल्व्ह उघडूनही चढत नाही. अशा वेळी झाकण काढून बास्केटच्या दांड्याला दोन हलक्या टिचक्या मारायच्या, राख खाली ताटात पडते आणि निखारे परत लाल होतात. झाकण लावायला उशीर करू नका आणि टिचक्या हलक्याच, जोरात हलवलं तर राख उडून मटणावर बसते. राखेचं ताट बास्केटच्या खाली निदान तीन इंच तरी असावं.

आणि चवीसाठी. मिनियन मेथडमध्ये नवे ब्रिकेट शेवटपर्यंत एकेक करून पेटत राहतात आणि पेटताना प्रत्येकाचा थोडा वास येतोच. लंपचा धूर त्या मानानं स्वच्छ. खरं सांगायचं तर शोल्डर किंवा ब्रिस्केटला (गाईच्या छातीचं मांस) त्याचा मला फरक कळत नाही, त्यात हिकरी नाहीतर ओकचे लाकडाचे तुकडे घातलेले असतात आणि चरबी थेट निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, ड्रमची जी खास चव, ती सगळ्यावर मात करते. चिकनला मात्र कळतो. चिकन फार वेळ आत नसतं आणि कातडी धूर लगेच धरते. मालवणी मसाला आणि दही लावलेल्या तंगड्या मी नेहमी लंपवरच करतो, ३२५ च्या आसपास, कातडी खाली. चरबीचा थेंब पडला की चुर्र आवाज येतो आणि दोन मिनिटांत सगळ्या अंगणात गावच्या चुलीचा वास, तासाभरात कातडी कुरकुरीत. ब्रिकेटवर एवढी आच आणायला वेळ लागतो आणि तोवर कातडी रबरासारखी होते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, पहिले पाच-सहा कुक ब्रिकेटवरच करा, आपल्या ड्रमचा कुठला व्हॉल्व्ह किती उघडला की काटा कुठे थांबतो ते कळेपर्यंत. नंतरही रात्रभराच्या कामाला ब्रिकेट, दोन तासांच्या आतल्या कामाला लंप. दोन्ही मिसळून पाहिलंय, मला नाही आवडलं, लंप आधी जळून जातो आणि मधे खड्डे पडतात. पैशाचं म्हणाल तर लंप महाग पडतो, पण ड्रम बंद करताना सगळे व्हॉल्व्ह आणि वरची चिमणी गच्च लावली की उरलेला लंप पुढच्या वेळी मस्त पेटतो. अर्धवट जळलेले ब्रिकेट इकडच्या दमट हवेत पडून राहिले की भुसभुशीत होतात.

घेताना, काडी लावताच पेटणारे म्हणून मिळतात ते ब्रिकेट ड्रमसाठी अजिबात घेऊ नका, त्यात पेटवायचं तेल मुरवलेलं असतं आणि मिनियनमध्ये ते शेवटपर्यंत जेवणात उतरत राहतं. फक्त लाकडी कोळसा आणि स्टार्च असं लिहिलेलं पोतं मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या, राख निम्म्यावर येते असा माझा अनुभव आहे. पुण्या-मुंबईत ड्रम करणाऱ्यांना नारळाच्या करवंटीचे ब्रिकेट मिळतात, राख कमी आणि आच टिकते, फक्त पेटायला चिवट, त्यामुळे वर ठेवायचे निखारे चांगले राखाडी होऊ द्या. मेस्किट नावाच्या झाडाच्या लाकडाचा लंप असेल तर पेटवताना तोंड लांब ठेवा, ठिणग्या फार उडतात. आणि पाऊस येत असला म्हणून ड्रम गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी नाही, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भावाचा शोल्डर या शनिवारी आहे. त्याला सांगितलंय, सकाळी सहाला पेटव, पहिला पांढरा धूर जाऊन पातळ निळसर यायला लागला की मगच मटण ठेव, आणि पहिले चार तास झाकणाला हात लावू नकोस.