नऊ महिने, सात मेटल अल्बम: सांगलीतून वापरानंतरचा अनुभव

जूनच्या पहिल्या पावसापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हेवी मेटल संगीताचे हेच सात अल्बम आलटून-पालटून चालू होते. सामान साधं आहे: कानात बसणारे तारेचे इअरफोन, फोनला लावायचा छोटा डॅक (डिजिटल फाइलचा कानाला ऐकू येणारा सिग्नल करणारं उपकरण) आणि घरी पाच इंची वूफरचे दोन स्पीकर. मेटलमध्ये पहिल्या आठवड्यातलं मत टिकत नाही, कारण मोठ्या आवाजात सुरुवातीला काहीही दमदार वाटतं. तिसऱ्या महिन्यानंतर कुठला अल्बम आपणहून लावला जातो आणि कुठला अर्ध्यात बंद होतो, हे गाण्यांइतकंच मास्टरिंगवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आवाजावरच्या शेवटच्या संस्कारावर ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

सगळ्यात जास्त वाजला तो ब्लॅक सॅबथचा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१). या बँडचा गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्यानं हलक्या तारा लावल्या, आणि या अल्बमच्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सगळ्यात जाड मोकळी तार त्यामुळे ८२ हर्ट्झवरून ६९ हर्ट्झवर येते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा असा घासतो की तार त्याला हलकेच चाटत राहते आणि एका स्वरातून वरचे स्वर फुलतात. डिस्टॉर्शन, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, तेच काम लहरीचे शेंडे छाटून करतं. म्हणून मेटलच्या रिफमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात) बहुतेक वेळा गंधार टाळून षड्ज-पंचमाची जोडीच वाजते. दोघांचं प्रमाण जवळपास २:३, त्यामुळे डिस्टॉर्शनमधून निघणारे बेरीज-वजाबाकीचे स्वर त्यांच्याशीच जुळतात, आणि वजाबाकीतून षड्जाच्या एक सप्तक खालचा घुमारा मिळतो. मध्ये गंधार घातला की नुसता गदारोळ. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला मेटल ऐकवायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) जेमतेम २९ मिनिटांचा, त्यात दहा गाणी. निर्माता रिक रुबिननं त्यातली घुमणारी प्रतिध्वनी काढून आवाज कोरडा ठेवला, आणि आपल्याकडच्या घरांत त्याचा मोठा फायदा होतो. स्लॅबची खोली, खाली फरशी, समोर उघडी भिंत, अशा जागेत खोली स्वतःच इतकी घुमते की रेकॉर्डिंगमध्ये आणखी घुमारा असला की डबल बासचे (दोन्ही पायांनी वाजवायच्या बासड्रमचे) ठोके एकमेकांत मिसळतात. ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डोचे ठोके मात्र इथेही सुटेसुटे ऐकू येतात. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नयेत, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत. समोरच्या भिंतीवर घोंगडी दुहेरी करून टांगली तर सिंबलचा (ड्रमसोबतच्या झांजांचा) कर्कशपणा कमी होतो. खालचा घुमारा घोंगडीनं जात नाही, तो स्पीकरची जागा बदलूनच जातो.

मेटॅलिकाचे दोन अल्बम मुद्दाम शेजारी ठेवले होते. '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) मध्ये जेसन न्यूस्टेडचा बास गिटार मिक्समध्ये (सगळ्या वाद्यांच्या जुळणीत) इतका खाली आहे की जवळजवळ नाहीच. इक्वलायझरवर (खालचे-वरचे स्वर पट्ट्यापट्ट्यानं कमी-जास्त करायच्या सोयीवर) ६० ते १०० हर्ट्झ वर ओढून तो परत येईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. बास बहुतेक ठिकाणी गिटारच्या रिफलाच चिकटून वाजतो, त्यामुळे ते पट्टे उचलले की फक्त बासड्रम फुगतो. इक्वलायझर बंद ठेवूनच ऐकावा. कोरडा आणि टोचरा आहे, पण रचना इतक्या भक्कम आहेत की नऊ महिन्यांनीही कंटाळा येत नाही.

'डेथ मॅग्नेटिक' (२००८) मात्र चौथ्या महिन्यात थकवू लागला. रिफ चांगले आहेत, पण मास्टरिंगमध्ये आवाज इतका दाबून वर नेलाय की शेंडे सपाट झालेत. चाहत्यांनी तेव्हा सह्या गोळा करून पुन्हा मिक्स करायची मागणी केली होती, आणि गिटार हीरो या गेममधली त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती शोधून ऐकली होती. दोष तपासायची सोपी रीत अशी: प्लेअरमध्ये आवाजाची पातळी समान करायची सोय असते, ती चालू करून हा अल्बम आणि १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' लागोपाठ लावा. पातळी सारखी झाली की जुन्यात स्नेअर ड्रमचा ठोका छातीला लागतो, नव्यात तो गिटारच्या भिंतीत बुडतो. ही सोय 'ट्रॅक'ऐवजी 'अल्बम' पर्यायावर ठेवा, नाहीतर संथ गाणं विनाकारण वर चढतं.

ओपेथच्या 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) ची अडचण बरोबर उलटी. त्यात कुजबुजीसारखी अकूस्टिक गिटार आणि लगेच घशातून गुरगुरणारा आवाज. वर पंखा फिरत असला की हळू भाग ऐकू येत नाही, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच वळणावर कान फुटायची वेळ येते. आधी शीर्षक-गीतातल्या सर्वांत जोरकस भागावर आवाज ठरवा आणि मग हात लावू नका. इअरफोनचं रबर कानात घट्ट बसलं असेल तर पंखा आडवा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. मेटल ऐकणाऱ्यानं हा हिशेब पाळायलाच हवा.

दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'रक्षक' (२०२२) प्रवासात उत्तम, घरी सलग जड जातो. ढोलाची धम्म बाजू आणि बासड्रम एकाच जागेसाठी भांडतात. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' (२०१७), अवतारामागे एक गाणं, तुकड्यात ऐकला तर निम्मा जातो. सलगच लावावा.

ब्लूटूथबद्दल एवढंच: साध्या एसबीसी कोडेकवर (बिनतारी पाठवताना आवाज आक्रसून बसवायच्या पद्धतीवर) सिंबल पत्र्यावरच्या भुरभुर पावसासारखे सळसळतात. म्हणून तार. पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पिन काळपट पडते, एक बाजू खरखरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून दहा मिनिटं वाळू द्यावी. एका बाजूचा आवाज नुसता कमी झाला असेल तर इअरफोनच्या जाळीत मळ असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडावी, ओलं काही लावू नये. पावसाळ्यात स्टीलच्या डबीत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी टाकून त्यात इअरफोन ठेवले की हे प्रश्न निम्म्यावर येतात.

मार्चपासून 'डेथ मॅग्नेटिक'च्या जागी जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' (२०२४) घेतलाय. तो आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता, आणि वरच्या पट्टीतला आवाज अजून सरळ टोकाला जाऊन भिडतो. सिंबल जरा धारदार आहेत. ८ किलोहर्ट्झचा पट्टा दोन डेसिबल खाली घेतला की बरोबर बसतात.