फेस न येणाऱ्या बाटलीबद्दल, एका दाढीवाल्या सरदाराकडून

जत्रेच्या नाटकात दाढी चिकटवून उभं राहण्याचं माझं यंदाचं बाविसावं वर्ष. दिवसा मी गोव्यात, फोंड्यात सरकारी खात्यात कारकून. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की थेट शिमग्यापर्यंत रात्री कुठल्यातरी देवळासमोर कोणाचा तरी सरदार, नाहीतर कोणाचा तरी सासरा. असा माणूस तोंड धुण्याच्या औषधावर लिहायला बसलाय म्हटल्यावर घरात आधी हसून घेतलं सगळ्यांनी. हसू दे. माघात माझ्या हनुवटीची जी दशा झाली होती ती बघून त्यांपैकी कोणी हसलं नव्हतं.

आधी आमची जुनी पद्धत सांगतो, म्हणजे बाटलीला मार्क कशावरून दिले ते कळेल. नाटक संपतं पहाटे साडेतीनला. रंगपटात एक सामाईक बरणी असते खोबरेलाची. जुन्या धोतराचा तुकडा त्यात बुडवायचा आणि पॅनकेक (चेहऱ्याला फासायचा रंग), काजळ, गालावरची लाली सगळं एकत्र कालवून पुसायचं. दाढी ओढून काढायची. स्पिरिट गम, म्हणजे दाढी चिकटवायचा डिंक, लावलेली दाढी सहजी सुटत नाही; ओढताना डोळ्यांतून पाणी येतं आणि शेजारचा म्हणतो, ‘हे रडणं तिसऱ्या अंकात का नाही आलं?’ मग घरी येऊन न्हाणीत अंगाच्या साबणाने तीनदा तोंड धुवायचं. बोट फिरवलं की गाल ‘कुर्र’ वाजला पाहिजे, तर तोंड स्वच्छ. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू आला की अंथरुणात शिरायचं आणि नऊला उठून पुन्हा त्याच साबणाने धुऊन ऑफिसला जायचं.

वीस वर्षं हे चाललं. यंदा माघात आठ दिवसांत तीन नाटकं लागली आणि चाललं नाही. जबड्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना कोंडा, आणि गाल वाळत घातलेल्या पापडासारखे ताणलेले. गंमत अशी की वरून चेहरा तेलकटही दिसायचा. मी समजलो तेल वाढलंय, म्हणून साबण वाढवला. चौथ्या दिवशी दाढी करताना रक्त आलं तेव्हा हिने सरळ गाडीवर बसवून बांबोळीला, सरकारी इस्पितळात नेलं.

ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हे, साबणाचा. कुठला, दिवसातून किती वेळा, घासता का. हनुवटीला दहा दिवसांचं मलम दिलं आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं: साबणविरहित क्लीन्झर, दोन वेळा. आमच्याकडे ज्याला फार्मसी म्हणतात आणि घाटावर मेडिकल, तिथे ही चिठ्ठी दाखवली तर काउंटरवरच्या मुलाने फळीवरून पाच बाटल्या काढून मांडल्या. पाचही पांढऱ्या, पाचांवरही ‘जेंटल’. मी मधली उचलली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एक तर लोक जाहिरात म्हणतील, आणि दुसरं म्हणजे मुलीने पाचांमागची बारीक अक्षरं वाचून सांगितलं की घरातल्या माणसाला कळण्याइतका फरक त्यांत झाकणाचाच आहे. १२५ मिलिलिटर, किंमत तीनशेच्या वर. साबणाच्या वडीची सवय असलेल्याला हा आकडा टोचतो. मलाही टोचला.

पहिल्या सकाळी हातावर ओतलं तर पातळ साईसारखं काहीतरी पडलं. वास नाही. तोंडावर चोळलं, फेस नाही. पाणी मारलं तर काही निघालंय की नाही तेही कळेना. आई न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘फेंड येना जाल्यार नितळ जालें म्हूण कशें कळटलें?’ फेस नाही तर स्वच्छ झालं हे कळणार कसं? मला उत्तर देता आलं नाही, कारण माझाही प्रश्न तोच होता.

उत्तर मुलीकडून आलं. ती पणजीला फार्मसी कॉलेजात आहे आणि घरात कोणीतरी विचारेल म्हणून वाटच बघत असते. बांगडे तळून झालेला तवा दाखवून तिने सांगितलं की नुसत्या पाण्याने हा धुतला जात नाही, कारण पाणी तेलाला धरत नाही. साबणाच्या किंवा क्लीन्झरच्या कणाला दोन टोकं असतात, एक तेलाला चिकटणारं, एक पाण्याला. असे पुष्कळ कण तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात आणि पाणी त्या थेंबाला उचलून नेतं. फेस म्हणजे या द्रवात अडकलेली हवा. फेसाने तवा धुतला जात नाही. तो आपल्याला दिसतो म्हणून बरं वाटतं एवढंच.

मग तिने कुठूनतरी पीएच, म्हणजे द्रव आंबट की अल्कधर्मी ते, बघायचे कागद आणले. कातडीचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूला. आमच्या अंगाच्या साबणाचं पाणी बशीत केलं, कागद बुडवला, तो निळसर झाला. डबीवरच्या रंगांशी लावून बघितलं तर ९ आणि १० च्या मधे कुठेतरी. बाटलीतल्या साईत बुडवला तर पिवळा. बाकी काही नाही, पण तो निळा कागद बघितल्यावर माझं तोंड आपोआप आवळलं. साबण मळ काढतो आणि त्याच हाताने कातडीच्या वरच्या थरातलं तिचं स्वतःचं स्निग्धही काढतो. मी ज्याला वीस वर्षं ‘कुर्र’ म्हणून मिरवलं तो आवाज त्या उघड्या पडलेल्या कातडीचा होता, असं पोरीचं म्हणणं.

बाटलीमागची नावं वाचताना आणखी एक मजा निघाली. मळ काढणारा मुख्य घटक ‘सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट’. त्यातलं ‘कोको’ म्हणजे नारळ; खोबरेलातल्या आम्लांपासून हा पदार्थ करतात. आईने हे ऐकलं आणि विजयी मुद्रेने बरणीकडे बोट दाखवलं. त्यापुढे ‘सिटिअरिल अल्कोहोल’ होतं, ते वाचून मी दचकलो, कारण रंगपटातल्या स्पिरिटने होणारी आग मला पाठ आहे. पण हे अल्कोहोल नावाचंच. मेणासारखं असतं, झोंबत नाही, उलट मऊ ठेवतं.

रोजच्या कामाला बाटली उत्तम, हे आठवड्यात कळलं. हेल्मेट घालून फर्मागुडीची चढण, बाजारातला धूर, दुपारचा दमट घाम. संध्याकाळी रुपयाच्या नाण्याएवढं घ्यायचं, ओल्या चेहऱ्यावर अर्धा मिनिट हलक्या बोटांनी फिरवायचं, साध्या पाण्याने धुवायचं आणि पंच्याने टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही. यावर हिचं बारीक लक्ष असतं. धुतल्यावर गाल ओढल्यासारखा होत नाही, ही गोष्ट मला विचित्र वाटली, कारण तोंड धुतल्याची माझी खूणच ती होती. दहा दिवसांत नाकाजवळचा कोंडा गेला. हनुवटीचं श्रेय मलमाला, ते मी बाटलीला देणार नाही.

या मापाने बाटली सात आठवडे जाते. म्हणजे दिवसाला सहा-सात रुपये, गाड्यावरच्या चहापेक्षा स्वस्त. हे गणित मी बायकोला दोनदा सांगितलं, ती म्हणाली चहा बंद करा मग.

आता नाटकाची रात्र. इथे बाटली सपशेल पडली.

म्हार्दोळच्या बाजूला प्रयोग होता. मी मोठ्या ऐटीत बरणी बाजूला सारली आणि थेट बाटली उघडली. रंगपटातल्या आरशासमोर एक लालसर बल्ब होता, त्या उजेडात जे दिसलं ते सांगतो. पॅनकेक निघाला नाही, सरकला. कपाळावरचा गालावर आला, गालावरचा मानेवर. काजळ त्यात मिसळून राखाडी ओघळ झाले, आणि भुवईपाशी सगळं कालवलेल्या नाचणीच्या पिठासारखं गोळा झालं. पंचा दुधाच्या चहाच्या रंगाचा झाला तरी चेहरा होता तिथेच. हनुवटीवर गमचे पिवळट तंतू तसेच, त्यांत दाढीचे दोन-चार केस उभे. आमचे रंगभूषाकार काका मागे उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी एक शब्द न बोलता बरणी माझ्यापुढे सरकवली.

दोष बाटलीचा नाही म्हणा. रंगभूषा मेणात, तेलात बांधलेली असते, घामाने वाहू नये म्हणूनच. अंगचं तेल आणि धूळ काढायला केलेल्या सौम्य द्रवाने ती निघावी ही अपेक्षाच चुकीची. पाण्यात न निघणारं सनस्क्रीन लावणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल. अशा मळाला आधी तेलच लागतं. तेव्हा आता माझा क्रम असा झालाय: खोबरेल हाताने लावायचं, गमवर जरा जास्त, आणि थांबायचं. दोन मिनिटं, घड्याळ लावून. मग दाढी ओढावी लागत नाही, कडेने सोलल्यासारखी सुटते. मऊ सुती कपड्याने पुसायचं, आणि मग बाटली, एकदा नव्हे दोनदा. दुसऱ्यांदा महत्त्वाचं, कारण खोबरेल चेहऱ्यावर तसंच ठेवून झोपलं तर माझ्यासारख्या पुटकुळ्या येणाऱ्या कातडीची छिद्रं बुजतात. काहींना वर्षानुवर्षं लावून काही होत नाही. त्यांनी लावावं, मला मत्सर आहे.

हा क्रम ऐकून आई म्हणाली, यात नवीन काय? आणि खरंच, नरकचतुर्दशीला रात्रभर नरकासुर नाचवून, पहाटे जाळून, काळं तोंड घेऊन आम्ही परत यायचो तेव्हा ती हेच करायची. आधी तेल जिरवायचं, मग उटणं, मग कारीट फोडायचं. फरक एवढाच की तिचं उटणं खरबरीत आणि हात त्याहून. आताच्या माझ्या गालाला ते झेपणार नाही. वडिलांच्या काळी तर चेहऱ्याला सफेदा, पिवडी आणि हिंगूळ फासायचे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, हे मुलीने सांगितलं तेव्हा आम्ही सगळे भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत बसलो. त्या मानाने माझा साबण म्हणजे देवमाणूस.

पाण्याचंही एक सांगायला हवं. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ. साबण चटकन फेसतो आणि धुतला तरी बुळबुळीत राहतो, म्हणून मी तीनदा धूत असे. बहीण सोलापूरला दिलीय, तिच्याकडे बोअरचं पाणी एवढं जड की साबणाला फेसच येत नाही, उलट बादलीला पांढरी साय धरते. ती साय म्हणजे पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला मिळून झालेला चोथा, आणि तो कातडीवरही बसतो. होळीनंतर चार दिवस तिच्याकडे राहिलो तेव्हा बाटली सोबत नेली होती. असा चोथा या द्रवाचा होत नाही, त्यामुळे तिथेही तोंड घरच्यासारखंच राहिलं. बहिणीने निघताना बाटली ठेवून घ्यायचा प्रयत्न केला.

तक्रारी आहेत. झाकणाच्या तोंडाशी द्रव सुकून चिकट पापुद्रा धरतो. ओल्या हाताने उघडताना नख मोडतं आणि मग एकदम चमचाभर बाहेर येतं. पंप असता तर बरं झालं असतं. शेवटचा अर्धा इंच उलटं ठेवल्याशिवाय येत नाही. वास नसण्याची सवय व्हायला मला महिना लागला, आणि मुलगी सांगते की वास नसणं हाच गुण आहे, कारण नाजूक कातडीला बऱ्याचदा तो वासच झोंबतो. मान्य. पण पहाटे साडेचारला खोबरेल, घाम आणि गम यांच्या मिश्र सुगंधात अंथरुणात शिरताना जुन्या वडीच्या चंदनाची आठवण येते, ते खोटं कशाला बोलू.

ज्यांना रोज धूळ, घाम आणि थोडं तेल एवढंच काढायचंय आणि साबणाने गाल ओढतो, त्यांनी घ्यावी. पुटकुळ्या सुजल्या असतील तर आधी डॉक्टर गाठावा, बाटलीच्या भरवशावर राहू नये. रंगभूषेसाठी म्हणून एकटी घ्याल तर पैसे पाण्यात, तेही पॅनकेकच्या रंगाच्या.

परवा शेवटचा प्रयोग झाला. रंगपटात मी तेल पुसून बाटली काढली तर आमचा खलनायक शेजारी येऊन बसला. महिनाभर याच बाटलीवरून त्याने मला ‘नायिका’ म्हणून हाक मारली होती. आता काही न बोलता तळहात पुढे केला. त्याची हनुवटी मी बघितली, माझी माघात होती तशीच. रुपयाएवढा थेंब टाकला. त्याने तळहाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘इतलेंच रे?’