भिंतीवरचा पाऊसपाणी फिल्टर: वस्तू चांगली, पण आहे चाळणीच

गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपवर, भिंतीलगत उभा बसवायचा नळकांड्याच्या आकाराचा फिल्टर आता बऱ्याच ठिकाणी मिळतो. कंपन्या अनेक आहेत, पण आतली रचना बहुतेकांची सारखीच. त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या ब्रँडबद्दल नाही, या प्रकाराबद्दल आहे. सिमेंटची स्वच्छ गच्ची, आसपास मोठं झाड नाही आणि पाणी धुण्या-पुसण्याला, संडासाला किंवा बोअरमध्ये सोडायला हवं असेल, तर बिनधास्त घ्या. पाणी प्यायचं असेल तर पुढचं सगळं वाचून मग ठरवा.

आत स्टीलची नळीसारखी उभी जाळी असते. वरून आलेलं पाणी आधी कडेच्या वाटीत भरतं आणि तिच्या काठावरून पातळ पडद्यासारखं जाळीच्या आतल्या अंगाने खाली उतरतं. उतरता उतरता ते जाळीतून बाहेरच्या पोकळीत जातं आणि तिथून टाकीकडे. पानं, काड्या, पिसं आणि थोडं पाणी सरळ खाली कचऱ्याच्या तोंडातून पडतं. वीज लागत नाही, हलणारा भाग एकही नाही. रिमझिम पावसात जवळजवळ सगळं पाणी टाकीत जातं. पाऊस कोसळायला लागला की पडदा जाड होतो, मधलं पाणी जाळीला शिवतच नाही आणि खाली निघून जातं. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे.

जाळीची भोकं साधारण 250 मायक्रॉनची, म्हणजे पाव मिलिमीटरची असतात. वाळूचा जाडसर कण अडेल. मातीचा गढूळपणा अडणार नाही, आणि एक-दोन मायक्रॉनच्या जिवाणूंना तर हा उघडा दरवाजाच आहे. ‘शुद्ध पाणी’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी आत चाळणी आहे एवढंच समजावं.

मॉडेल निवडताना दुकानात गच्चीचं क्षेत्रफळ विचारतात आणि त्यावरून खोकं काढून देतात. इथे दोन घोळ होतात. पहिला म्हणजे, गच्चीला दोन उतार-पाइप असतील तर प्रत्येक फिल्टरला अर्धीच गच्ची येते. हिशोब पाइपागणिक करायचा. दुसरा, क्षेत्रफळासोबत ताशी किती मिलिमीटर पाऊस धरलाय हे विचारायलाच हवं. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर ताशी 60 मिमीने पडला तर मिनिटाला 100 लिटर पाणी त्या नळकांड्यातून जायला हवं. कोकणात अशा सरी नवलाईच्या नाहीत, म्हणून तिथे एक माप मोठंच घ्यावं. किनाऱ्यालगत जाळी 316 ग्रेडच्या स्टीलची आहे का तेही विचारा. खाऱ्या हवेत 304 ग्रेडची जाळी लवकर डागाळते. सुटी जाळी वेगळी मिळते का, हा प्रश्न तर किमतीच्या आधी विचारावा.

आता या फिल्टरसोबत गळ्यात मारली जाणारी ‘पहिल्या पाण्याची’ नळी. कल्पना बरोबर आहे: गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा पहिल्या पाण्याबरोबर येते, ते वेगळं काढावं. पण मिळते ती 110 मिमी पाइपची मीटरभर नळी, तिच्यात पाणी मावतं साधारण साडेआठ लिटर. 100 चौरस मीटर गच्चीचं पहिलं 1 मिमी पाणी होतं 100 लिटर! म्हणजे दहा टक्केसुद्धा नाही. त्या पैशात जुना 200 लिटरचा झाकणाचा ड्रम घ्या. फिल्टरच्या आधी ‘टी’ (तीन तोंडांचा पाइपजोड) टाकून उतरतं पाणी आधी ड्रममध्ये पडेल असं करा आणि अर्धा ड्रम भरला की तरंगता चेंडू तोंड बंद करेल अशी बैठक बसवा. तळाला छोटा बॉल व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवायचा. तासाला चार-पाच लिटर ठिबकलं तरी दिवसभरात ड्रम रिकामा होऊन पुढच्या सरीला तयार. एवढा खटाटोप नको असेल तर साधा वळवायचा व्हॉल्व्ह लावा. मात्र उघडीप पडल्यानंतरच्या पहिल्या सरीला कुणीतरी घरी असलं पाहिजे.

बसवताना ओळंबा लावल्याशिवाय क्लॅम्प आवळू देऊ नका. फिल्टर जरासा कलला तरी सगळं पाणी एका बाजूने उतरतं आणि उरलेली जाळी कोरडीच राहते. निम्मं पाणी वाया जातंय अशी तक्रार ऐकली की आधी ओळंबा धरून पाहावा. उंची छातीएवढी ठेवा. कठड्याखाली, शिडीशिवाय हात पोचत नाही अशा जागी बसवलेला फिल्टर कुणी धूत नाही. फिल्टरचं टाकीकडे जाणारं तोंड टाकीच्या इनलेटपेक्षा वर असावं, हे सांगायची गरज नसावी, पण जमिनीवरच्या टाक्यांच्या बाबतीत ते चुकतं. आणि कचऱ्याचं खालचं तोंड ‘पाणी फुकट जातंय’ म्हणून एंड कॅप लावून बंद करणारे लोक आहेत. तसं केलं की कचरा आतच साचतो, कुजतो आणि त्याचा अर्क टाकीत उतरतो. ते पाणी पाइप लावून झाडांना सोडावं.

देखभाल सोपी, पण चुकवता येत नाही. मृगाच्या आधी गच्ची झाडून, जाळी काढून धुवायची. पुढे नक्षत्र बदललं की पुन्हा, म्हणजे साधारण तेरा-चौदा दिवसांनी. नायलॉनचा ब्रश बाहेरून आत चालवा. तारेचा ब्रश लावलात तर भोकं वाकडी होतात. टाकी भरत नाही आणि खालून धो धो वाहतंय, याचा अर्थ जाळीवर शेवाळाचा बुळबुळीत थर आहे. सिमेंटचा पांढरा थर असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

कौलारू घर, अंगणात आंबा-फणस, वळचणीला पन्हळ अशी परिस्थिती असेल तर हा फिल्टर घेऊ नका. तिथे वाळूचा ड्रम सरस ठरतो. 200 लिटरच्या ड्रममध्ये खालून 15 सेमी 40 मिमीची खडी, 15 सेमी 20 मिमीची, 10 सेमी बारीक खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि वर 20 सेमी धुतलेली जाड वाळू. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) टाळा, तिची भुकटी बरेच दिवस टाकीत उतरत राहते. वजन सहज अडीचशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे छज्जावर ठेवायचा विचारही नको. ड्रमची उणीव म्हणजे वेग: तासाला अडीच हजार लिटरच्या आसपास, म्हणजे 100 चौरस मीटरला ताशी 25 मिमीपर्यंत. वरच्या अंगाला ओव्हरफ्लो ठेवलाच पाहिजे. गढूळपणा मात्र तो जाळीपेक्षा कितीतरी चांगला धरतो.

टाकी कोणतीही घ्या, पण उजेड आत येऊ न देणारी. झाकण घट्ट, हवेच्या नळीला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास ठरलेली. इनलेट तळापर्यंत नेऊन तोंड वर वळवलं तर बसलेला गाळ ढवळत नाही. नळ तळापासून 10 ते 15 सेमी वर काढावा. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज 20 लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना सुमारे 4,800 लिटर लागतात. तेवढ्यासाठी 5,000 लिटरची टाकी पुरे. वळिवाचं आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी तिच्यात घेऊ नका.

पिण्यासाठी पाणी आधी नितळ असायला हवं. गढूळ पाण्यात क्लोरीन नुसतं खर्ची पडतं. 33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर 1,000 लिटरला 6 ग्रॅम घेऊन बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पावडरचं पाकीट फोडून पावसाळी हवेत ठेवलेलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो, नवं आणा. आरओची इथे गरज नाही. पावसाच्या पाण्यात क्षार आधीच नगण्य असतात, डाळ लवकर शिजते ती त्यामुळेच. सिमेंटचे जुने पत्रे किंवा डांबर मारलेलं छप्पर असेल तर ते पाणी पिण्याच्या टाकीत घेऊच नये, मधे फिल्टर कितीही महागाचा असला तरी.